लहान पोराले रिफंड नसते म्हणे!

गेल्या पंधरा दिवसांत हा मेसेज मला चार वेळा आला. एकदा गावाच्या, एकदा शाळेच्या जुन्या बॅचच्या, आणि दोनदा तर कृषी केंद्राच्या ग्रुपवर, जिथे खरं म्हणजे बोंडअळी आणि सोयाबीनचे भाव सोडून दुसरं काही यायला नको. मेसेज असा आहे की अठरा वर्षांखालच्या पोराने घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही कारण अल्पवयीनाचा करारच शून्य असतो, त्याला तक्रार करता येत नाही, बिल नसेल तर विषयच संपला, विकलेला माल परत घ्यायला दुकानदार बांधील नाही, वॉरंटी कंपनीची असते, आणि ग्राहक आयोगात गेलं तर वस्तूपेक्षा वकील महाग पडतो. खाली हात जोडलेले आणि "व्यापारी बंधूंनी जास्तीत जास्त शेअर करावे".

एरवी मी असले फॉरवर्ड उघडत पण नाही. पण या वेळी एका दुकानदाराने हाच मेसेज मोबाईल पुढे धरून माझ्या पुतण्याला वाचून दाखवला, म्हणून बसलो लिहायला.

पुतण्या पंधरा वर्षांचा, दहावीत. दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या वावरात कापूस वेचला, त्याचे जे पैसे आले त्यातून तालुक्याच्या बाजारातून डोक्याला बांधायची चार्जिंगची बॅटरी आणली, साडेसहाशेची. स्वतःसाठी नाही, बापासाठी. शेतीची लाईन रात्रीची असली की हरभऱ्यात तुषार सिंचनाचे पाईप उचलून बदलावे लागतात, त्याला दोन्ही हात लागतात, मग मोबाईलचा उजेड दातात धरायचा का? वरून सापाची भीती. तिसऱ्या रात्री ती बॅटरी दहा मिनिटं लागली अन् गेली. बटनापाशी अंगठ्याने दाबून धरलं की लागते, सोडलं की जाते. आतला टाका सुटलाय हे आमच्या आजीनेही सांगितलं असतं.

पोट्टं एकटंच गेलं बदलून आणायला. दुकानदार म्हणे, "तू लहान हायस बाबू, तुह्या सौद्याले कायद्यात अर्थ नाई." पैसे घेताना मात्र त्याला वय विचारावंसं वाटलं नव्हतं.

आता एकेक घेतो.

अल्पवयीनाचा करार शून्य. अर्धं खरं आहे आणि म्हणूनच जास्त घातक आहे. १८७२ च्या करार कायद्यात कलम ११ आहे, त्याप्रमाणे सज्ञान नसलेला माणूस करार करायला पात्र नाही. पण हे कशासाठी आलं ते बघा ना. यातला सगळ्यात गाजलेला खटला कलकत्त्याचा, मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष, प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, १९०३ मध्ये निकाल दिला. धर्मोदास अज्ञान, म्हणजे कायद्याच्या भाषेत अल्पवयीन होता, त्याने १८९५ मध्ये सावकाराकडे घर गहाण ठेवलं होतं वीस हजारांच्या कर्जापोटी, आणि सावकाराच्या माणसाला तो अज्ञान आहे हे माहीत होतं. कोर्टाने गहाणखत शून्य ठरवलं. म्हणजे वाचलं कोण? पोरगा. बुडालं कोण? सावकार. ज्या कायद्याने पोराचं घर सावकाराच्या हातून सुटलं तोच कायदा दाखवून हे पोराचे साडेसहाशे ठेवून घ्यायला निघाले, कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं. आणि पुढची गोष्ट या फॉरवर्डवाल्यांनी वाचलीच नसावी. १९१६ मध्ये मद्रास हायकोर्टाच्या पूर्णपीठाने सांगितलं की अज्ञानाने आपल्या बाजूचे पैसे आधीच पूर्ण दिलेले असतील तर त्या व्यवहाराचा फायदा त्याला मागता येतो. ते प्रकरण गहाणाचं होतं, बॅटरीचं नव्हतं, हे मान्य. पण तत्त्व तेच आहे, अज्ञानावर बोजा टाकता येत नाही, त्याच्या हक्काचं मात्र त्याला घेता येतं. आपल्या पोट्ट्यानं काही उधारीवर नेलं नव्हतं, रोख मोजून दिले होते.

अन् एक सांगा, सौदा खरोखरच शून्य म्हणत असाल तर पैसे कोणत्या सौद्याचे म्हणून गल्ल्यात ठेवले? सौदा नाही पण पैसे आपले, हा कोणता हिशोब आहे बाप्पा.

पोरगा तक्रार करू शकत नाही. बरोबर, तो एकटा नाही करू शकत, पण त्याच्या वतीने करता येते, आणि हे कुठे आडबाजूला लिहिलेलं नाही, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम २ मध्ये तक्रारदार म्हणजे कोण याची जी यादी आहे त्यातच आहे, ग्राहक अज्ञान असेल तर त्याचे आईवडील किंवा कायदेशीर पालक. १९८६ च्या जुन्या कायद्यात हे इतकं सरळ लिहिलेलं नव्हतं, नव्यात मुद्दाम घातलं. तो कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे, म्हणजे फॉरवर्ड बनवणाऱ्याला वाचायला भरपूर वेळ मिळाला होता.

आपल्याकडे तर हे समजायला कायद्याचं पुस्तकही नको. सातबारा काढा. बाप वारला, पोरं लहान, तर नावापुढे अ.पा.क. आई असं लिहिलेलं असतं, अज्ञान पालनकर्ता. ती जमीन पोराची नाही असं कोणी म्हणतं का? धुऱ्यावर कोणी म्हणून बघावं, मग सांगतो. तसंच तक्रारीत लिहायचं, अमुक अमुक, वय १५, तर्फे पालनकर्ता वडील.

आमच्या प्रकरणात तर आणखी मजा आहे. त्याच कायद्यात ग्राहक म्हणजे फक्त विकत घेणारा नाही, घेणाऱ्याच्या संमतीने ती वस्तू वापरणारा पण ग्राहक. बॅटरी घेतली पोराने, डोक्याला बांधली बापाने. म्हणजे त्याचा बाप, माझा भाऊ, स्वतःच ग्राहक, वय त्रेचाळीस, आता काढा कलम ११. यावर ग्रुपमधल्या एका हुशाराने लगेच टाकलं की शेतीसाठी घेतलं म्हणजे व्यावसायिक वापर झाला, ग्राहक कसा. तेही कायद्यात आहे दादा. स्वतः राबून पोट भरण्यासाठी जी वस्तू वापरली ती व्यावसायिक धरत नाहीत. दीड एकर हरभऱ्याला पाणी देणारा माणूस काय कंपनी चालवतो का.

बिल नाही. मुळात बिल न देणं हीच त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, म्हणजे स्वतः बिल द्यायचं नाही आणि मग बिल नाही म्हणून हाकलायचं. बाकी पुरावा म्हणजे फक्त बिलच नसतं. फोनवरून पैसे दिले असतील तर त्याची नोंद, खोका, त्यावरचा नंबर. आमच्या खोक्यावर दुकानदाराने स्वतः बॉलपेनने "६ महिने" लिहून तारीख टाकून सही ठोकली आहे, शिक्क्यासकट. तो खोका आता आईने कपाटात साड्यांच्या खाली ठेवलाय, जणू खरेदीखत आहे.

विकलेला माल परत नाही. ती पाटी अर्ध्या दुकानांत देवाच्या फोटोशेजारी असते. पाटी म्हणजे कायदा नव्हे. दोष असलेला माल परत न घेणं आणि पैसे न देणं ही पण अनुचित व्यापारी प्रथाच, बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, काहीच लिहिलं नसेल तर तीस दिवसांत परत केले पाहिजेत. इथे आपल्या लोकांनाही एक गोष्ट सांगतो, राग येऊ देऊ नका. घरी गेल्यावर रंग आवडला नाही, दुसऱ्या दुकानात पन्नास रुपये स्वस्त दिसली, पोराने विहिरीत पाडली, यात कायदा तुमच्या बाजूने नाही. दोष मालात पाहिजे. दोष आहे की नाही यावरच भांडण असेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, म्हणून घरी स्क्रू खोलून बसू नका. आमचा एक मित्र सोल्डरिंग घेऊनच आला होता, हात जोडून परत पाठवला.

वॉरंटी कंपनीची असते, असेल. पण पैसे तुमच्या हातात दिले, खोक्यावर सही तुमची, तक्रारीत कंपनीसोबत दुकानदारालाही पार्टी करता येते. आणि बाजारात मिळणाऱ्या या बॅटऱ्यांवर कंपनीचा पत्ता तरी कुठे असतो, आमच्या खोक्यावर नुसतं वाघाचं चित्र आहे.

वकील महाग पडतो. वकील लागतच नाही, स्वतः बोलता येतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी शून्य आहे. दुकान दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार चालते, आणि दोन वर्षांच्या आत करायची. त्याआधी १९१५ वर फोन करून बघायचा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे, मराठीत बोलता येतं. ते कोर्ट नाही, आदेश देत नाहीत, मध्ये पडून मिटवायचा प्रयत्न करतात. आता आयोगात चकरा लागत नाहीत असं मी म्हणणार नाही. कायद्यात तीन महिने, तपासणी असेल तर पाच महिने लिहिलेत, पण तारखा कशा पडतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि साडेसहाशेसाठी एसटीने जिल्ह्याला जायचं म्हटलं की भाऊच म्हणाला, "जाऊ दे ना बे, कायले." दुकानदाराचा भरवसा नेमका याच "जाऊ दे" वर असतो, कलम ११ वर नाही.

म्हणून आम्ही आधी फक्त एक कागद लिहिला. पुतण्यालाच लिहायला लावला, अक्षर त्याचं, सही बापाची. कधी घेतली, किती दिले, काय बिघडलं, बदलून द्या किंवा पैसे परत द्या, पंधरा दिवसांत नाही दिलं तर जिल्हा आयोगात जाऊ. स्पीड पोस्टने पाठवला, पावती खोक्यात ठेवली. चौथ्या दिवशी दुकानातून फोन आला, आवाज एकदम मऊ, "काकाजी, पोराचं एवढं काय मनावर घेता, बाजाराच्या दिवशी या, दुसरा पीस देतो."

पुतण्या म्हणतो दुसरा पीस नको, तोही वाघाचाच असेल, पैसेच घेऊ. बाजार मंगळवारी आहे. तोपर्यंत भावाने सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून मोबाईल कपाळाला बांधलाय.