बहिरोबाच्या नावानं चांगभलं

काल सकाळी पारापुढनं मोटारसायकल काढली आणि मागनं आरोळी आली, "बहिरोबाच्या नावानंऽऽ!" पारावरच्या सहा-सात टाळक्यांनी एका सुरात "चांगभलं!" केलं. ऐकू आलं. तेवढं बरं ऐकू येतं मला.

झालं होतं एवढंच. परवा रात्री भुईमुगाच्या राखणीला मी मचाणावर बसलो होतो, दोन्ही कानांत फोमचे प्लग घालून, आणि बरोबर माझ्या बुडाखाली सात डुकरांनी अर्धा वाफा उकरून शेंगा खाल्ल्या. मी चांदणं बघत होतो. वरच्या बांधाच्या तानाजीनं बॅटरी मारली, हाका मारल्या, शेवटी ढेकूळ फेकलं. ढेकूळ मला लागलं. डुकरांनी तेवढ्यातही घाई केली नाही.

हे शिकारीचं प्रकरण नव्हे बरं का. १९७२ च्या कायद्यानं ती हौस कधीच बंद झाली. आमच्याकडं वडिलांपासूनची बाराबोरची एकनळी बंदूक आहे, पीक राखायच्या परवान्यावरची. बार आभाळात काढायचा, डुकरं पळतात, उद्या परत येतात. नुकसानीचा अर्ज करावा, तर पंचनाम्याला साहेब येईपर्यंत दुसरं पीक उगवतं. पण बार आभाळात काढला म्हणून कानाला ते कुठं कळतंय? बाराबोरचा दणका कानापाशी दीडशे डेसिबलच्या वर जातो, आणि १४० च्या पुढं एकच बारसुद्धा कायमची खूण ठेवू शकतो. आतले बारीक केस एकदा मोडले की परत उगवत नाहीत. डोक्यावरच्यांसारखंच.

कानाच्या डॉक्टरांनी आलेख दाखवला. डाव्या कानाची रेघ बरी चालली होती, ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे बारीक सुरांपाशी, विहिरीत पडली. बंदूक उजव्या खांद्याला लावली की डावा कान नळीच्या तोंडाकडं येतो, उजवा डोक्याच्या आडोशाला जातो. बायको जेवताना माझ्या डावीकडं बसते हा निव्वळ योगायोग आहे, पण घरात कुणी मानत नाही. 'स', 'श', 'फ' असली बारीक अक्षरं आधी गळतात. 'साखर संपलीय' हे मला 'आखर अंपलीय' असं येतं. मी "बरं" म्हणतो. मग बिनसाखरेचा चहा मिळतो.

तर मला पाहिजे होतं असं काहीतरी, जे बाराला कान बंद करील आणि डुकराला उघडा ठेवील. म्हणून काल चांगभलं ऐकून थेट कोल्हापूर गाठलं. उद्यमनगरात फाउंड्रीवाल्यांना हेल्मेट, हातमोजे, वेल्डिंगचे चष्मे विकणारं एक दुकान आहे. तिथं काउंटरवर दोन पोरं होती आणि स्टुलावर एक आप्पा. आप्पांचा दुकानाशी संबंध काय, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पटका, पांढऱ्या मिशा, आणि सदऱ्याच्या खिशातनं सारखा 'कुंईऽऽ' असा आवाज.

"आप्पा, खिशात काय वाजतंय?"

"आँ?"

"खिशात!"

"यंत्र हाय कानाचं. पोरानं आणलंय."

"मग कानात का नाही घातलंत?"

"सेल खातंय."

मी इअरमफ मागितले, कान झाकणाऱ्या वाट्यांचे. आप्पा उठलेच. "कशाला पायजे?" डुकरं, म्हटलं. "आमचा बा दाजीपुरात हाकाऱ्याला हुता. डबं बडवत रान उठवायचं. गवा असा जायचा म्होरनं, हितनं तिथवर. कान झाकलं न्हाईत कुणी. झाकलं असतं तर गव्यानं तुडवलं असतं."

"आणि वडलांना ऐकू यायचं?"

"आँ?"

दाजीपूरच्या त्या रानाचं १९५८ ला अभयारण्य झालं, गवे आता निवांत आहेत. शिकारीतली खरी अक्कल शाहू महाराजांच्या काळात होती असं मला वाटतं. चित्ते पाळले होते दरबारानं, काळविटावर सोडायला. बार नाही, धूर नाही, कानाला त्रास नाही. आमच्या डुकरांवर सोडायला आता कोण चित्ता देतो?

तर आप्पांनी एक मफ माझ्या डोक्यावर दाबून बसवला आणि तोंड माझ्या तोंडासमोर आणलं. "आता मी तुला शिवी देतो. ऐकू आली तर घिऊ नगंस." ओठ हलले. मिशा हलल्या. मग बराच वेळ हलत राहिल्या, हातही हलले, एकदा पटका सावरला. एका शिवीला एवढा वेळ लागत नाही, माझ्या दोन पिढ्या तरी मागं गेले असावेत. काउंटरची पोरं खाली वाकून काहीतरी शोधायला लागली. मी मफ काढला.

"आली?"

"नाही."

"मग घे. चांगला हाय."

"पण आप्पा, तुमची शिवी आली नाही म्हणजे डुक्करही येणार नाही ना ऐकू!"

आप्पा विचारात पडले. "डुक्कर शिव्या देत न्हाई," म्हणाले आणि दुसरा मफ काढला. परत शिव्या. असे चार मफ झाले. तिसऱ्यात थोडंसं ऐकू आलं, माझ्या चष्म्याच्या काड्यांनी गादी उचलली गेली होती म्हणून. जे ऐकू आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण त्यात माझ्या काकूचा उल्लेख होता, आणि मला काकू आहे हे त्यांना कसं ठाऊक, याचं अजून नवल वाटतं.

शेवटी एका पोराला दया आली. फोमच्या पाकिटावर किती डेसिबल आवाज अडतो त्याचा ३३ चा आकडा असतो, तो खऱ्या कानात निम्मा धरायचा असतो, हे त्यानं सांगितलं. म्हणजे मी लवंग खोचल्यासारखे प्लग घालत होतो त्याचा किती झाला असेल! आधी बोटांत वळून वातीएवढा बारीक करायचा, मग दुसरा हात डोक्यावरनं घेऊन कान वर आणि मागं ओढायचा, प्लग आत सारायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट लावून थांबायचं. भर दुकानात मी स्वतःच्याच कानाला धरून उभा. शाळेतल्या शिक्षेत निदान बोट आत नसायचं.

मग त्यानं आतल्या कपाटातला डबा काढला. इलेक्ट्रॉनिक मफ. बाहेर दोन माइक, आत दोन स्पीकर. बारीक आवाज मोठा करून आत देतो, दणका झाला की साधारण ८५ डेसिबलच्या आसपास दाबून टाकतो, बाकीचं काम वाट्या करतात. वाट्या चपट्या, म्हणजे बंदुकीचा दस्ता गालाला लावला तरी उचलत नाहीत. मी घातला. पोरानं पाइपवर हातोडा हाणला, मला नुसतं 'टक' आलं. मग कोपऱ्यातल्या पंख्याची करकर आली, आप्पांच्या खिशातली 'कुंई' आली, आणि काउंटरच्या मागनं, अगदी कानात येऊन सांगितल्यासारखं, आलं:

"हे घेत न्हाई. गेल्या मंगळवारी वीस रुपयाचं प्लग नेलंतं, त्यातबी दोन रुपय सोडा म्हणत हुतं."

"नुसतं घालून बघाय आलंय. बायकूनं हाकललं आसंल."

मफ एकदम उत्तम चालत होता, याबद्दल तक्रार नाही. मी किंमत विचारली. सात हजार. अडीच हजारांत निभावलं असतं, साधा मफ बाराच्या वेळी तेवढा चढवायचा आणि एरवी गळ्यात ठेवायचा. पण "नुसतं घालून बघाय आलंय" हे वाक्य कानात सात हजारांच्या आवाजात घुमत होतं. घेतला.

"सेल वेगळे, मालक," पोरगं म्हणालं.

बाहेर पडलो तर मिरजकर तिकटीला कुठल्यातरी मंडळाच्या आगमनाचा डॉल्बी लावलेला. नियमानं वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. इथं दुकानांची शटरं थरथरत होती, आणि एका बापानं सहा महिन्यांचं मूल खांद्यावर घेऊन थेट बॉक्ससमोर धरलं होतं. पोर रडतंय का हसतंय, तेही कळत नव्हतं. मी नवाकोरा मफ चढवला, तर चार जण हसले. एकानं फोटो काढला. महिन्यातनं दोन बार काढणारा मी बहिरोबा, आणि वर्षाला दहा-दहा दिवस छाती हादरवून घेणारे हे सगळे शहाणे! त्या पोराचं काय करायचं, हे कुणाला विचारायचं? बापाला विचारलं मी. तो "आँ?" म्हणाला.

रात्री मचाणावर बसलो. बटण फिरवलं आणि पहिल्यांदा ऐकू आले ते रातकिडे. किती वर्षांनी! मला वाटलं होतं, औषधं मारून मेले सगळे. मग उसाचा पाला, गड्यानं ओढलेली काडी, माझ्याच घशातला आवंढा. वरच्या बांधाला, खोपीत तानाजीचं घोरणं. सकाळच्या आरोळीचा आवाज मी ओळखला होता, तोच गळा.

साडेबाराच्या सुमाराला आली. पावलं, मग नाकाचा फुसकारा, मग वेल उपटल्याचा 'चर्र'. मी बंदूक उचलली. आवाज कुठनं येतोय ते नीट ऐकलं. आमच्यात नव्हती. बांधाच्या वर, तानाजीच्या वाफ्यात होती. माती झटकत होती, शेंगा फोडत होती, कुरूम, कुरूम. तानाजी घोरत होता.

बंदूक परत मांडीवर ठेवली आणि आवाजाचं बटण अजून जरासं पुढं सरकवलं.