छकोनी षट्तीस

शूटिंगमध्ये साउंडवाल्याला कोणी विचारत नाही. काही बिघडलं की मात्र आधी त्यालाच विचारतात. त्यामुळे मालिकेचा एक भाग हवाई बेटांवर करायचाय, हे मला कळलं ते थेट व्हिसाचा फॉर्म भरताना. हवाई म्हटल्यावर घरच्यांच्या डोळ्यांपुढे समुद्रच आला. बायकोने फुलाफुलांचे दोन शर्ट बॅगेत भरले. ते घडी न मोडता परत आले.

कारण आम्ही निघालो होतो तिथल्या मौना केआ या डोंगरावर, मोठमोठ्या दुर्बिणींचं शूटिंग करायला. उंची ४,२०५ मीटर. आपल्या मापात सांगायचं तर कळसूबाईवर कळसूबाई आणि वर आणखी अर्धी. कळसूबाईला पाय दुखतात. इथे गाडीतून जायचं, त्यामुळे पायांना काही कळत नाही, जे कळायचं ते डोक्याला कळतं. हिलो गाव अगदी समुद्राला चिकटलेलं. सकाळी तिथे पावसात कॉफी प्यायलो आणि दुपारी ढग आमच्या पायाखाली होते. दुर्बिणी तिथे नेऊन ठेवल्यात त्या याचसाठी. ढग आणि दमट हवा खाली राहते, वर कोरडं, लख्ख आकाश. ताऱ्यांची सोय उत्तम आहे, माणसांचा विचार झालेला दिसत नाही.

वाटेत २,८०० मीटरवर हाले पोहाकूला निदान अर्धा तास थांबायचं असतं, शरीराला विरळ हवेची सवय व्हावी म्हणून. तिथे मी बॅगेतून भाकरवडीचं पाकीट काढलं. ते तान्ह्या बाळाच्या उशीसारखं टम्म फुगलं होतं. बाहेरचा दाब कमी झाला की आतली हवा पसरते, एवढं विज्ञान मला येतं. पण मग माझ्या पोटात काय चाललं असेल, हा विचार जो सुरू झाला तो दिवसभर काही सुटला नाही.

माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे श्वास पूर्ण घ्यायचा आणि माल साठ टक्केच मिळणार. ट्रायपॉड घेऊन दहा पावलं गेलेला कॅमेरामन काहीतरी विसरल्यासारखा मधेच उभा राहिला. खरंच विसरला होता. कॅमेरा गाडीतच होता.

आधी केक वेधशाळेच्या घुमटात गेलो. आत तरी ऊब असेल असं वाटलं होतं. पण रात्री आरसा बाहेरच्या हवेइतकाच गार असावा म्हणून घुमट दिवसाही थंडगार ठेवतात. दिग्दर्शकाला हवा होता दुर्बिणीला डोळा लावून बसलेला शास्त्रज्ञ. तर कळलं, की या दुर्बिणीला डोळा लावून बघायची पद्धतच नाही, आणि शास्त्रज्ञ खाली वाइमेआ गावात बसून संगणकावर काम करतात. एवढी हुशार माणसं खाली आणि आपण वर, यावर विचार करण्याइतका ऑक्सिजन आमच्यात कोणाकडेच नव्हता.

या भागाचं निमित्त खरं वेगळं होतं. ३० मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण इथे उभारायचा बेत कित्येक वर्षं चाललाय, आणि त्यात भारताचा, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचाही वाटा आहे. पण हा डोंगर तिथल्या मूळ रहिवाशांना पवित्र. २०१५ साली आणि पुन्हा २०१९ साली ते रस्त्यातच उभे राहिले. डोंगर पवित्र म्हणजे काय, हे सप्तशृंगीच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला समजावून द्यावं लागत नाही. आमच्या स्क्रिप्टमध्ये या सगळ्याला एक वाक्य होतं. फुगलेल्या पाकिटाचे मात्र आम्ही तीन शॉट घेतले.

शेवटी मावळतीचा शॉट. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासात माथा सोडायचा, आणि दुर्बिणींना त्रास नको म्हणून दिवे लावायचे नाहीत. निवेदिकेला एकच वाक्य होतं: ‘केकच्या प्रत्येक आरशात छत्तीस षट्कोनी तुकडे आहेत.’ पुण्यात पंख्याखाली बसून लिहिणाऱ्याचं काय जातंय! पहिल्या टेकला ‘छत्तीस षट्...’ आणि धाप. दुसऱ्याला ‘षट्तीस’.

“मॅडम, अजून एकदा. सूर्य चाललाय.”

तिसऱ्या टेकला ती अत्यंत ठामपणे म्हणाली, “छकोनी षट्तीस तुकडे आहेत.” आम्हा चौघांत एकालाही त्यात काही खटकलं नाही. दिग्दर्शक म्हणाला, “ओके, सुंदर!”

माझ्या हेडफोनमध्ये वेगळाच कार्यक्रम चालू होता. बूमला, म्हणजे काठीवरच्या माइकला, केसाळ टोपरं घातलं होतं, तरी वारा आत शिरून घोंगावत होता. तिच्या कॉलरच्या माइकमध्ये श्वास करवतीसारखा येत-जात होता. मधेच आणखी एक श्वास ऐकू यायला लागला, जाडसर, घरघरणारा. कोण मध्ये येतंय म्हणून मी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. तो माझाच होता.

आवाज अर्थातच वापरण्यासारखा नव्हता, आणि अर्थातच चूक साउंडवाल्याची. मुंबईत डबिंग ठेवलं. इथे निवेदिका ‘छत्तीस षट्कोनी’ असं म्हणाली, की जिभेला तूप लावलंय जणू. पण दिग्दर्शकाचं समाधान होईना. चित्रात बाई वाऱ्यात धापा टाकतायत आणि आवाज सोफ्यावर बसल्यासारखा. तिने दोनदा खोटी धाप लावून पाहिली, ती नाटकी वाटली. मग जेवायची सुट्टी झाली. स्टुडिओ चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. ती जेवून वर आली तशी तिला बसूच दिलं नाही, तडक माइकसमोर उभी केली आणि मी रेकॉर्डिंग चालू केलं.

धाप अगदी मौना केआची आली. आणि पाठोपाठ ‘छकोनी षट्तीस’.