खुलासा : १०,००० पावलांचा आकडा आला कुठून?

नागपूरच्या अंबाझरीला सकाळी फिरणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘रोज १०,००० पावलं झाली नाहीत तर चालणं वाया, हे संशोधनाने सिद्ध झालंय.’ हे खरं नाही.

हा आकडा जपानमधला. १९६५ मध्ये तिथे पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं, ‘मान्पो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा जाहिरातीतून रुजला.

संशोधन काय सांगतं? हार्वर्डच्या आय-मिन ली यांच्या गटाने २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षांच्या १६,७४१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी आढळलं. ७,५०० च्या आसपास हा फायदा स्थिरावला. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, म्हणजे कोणी किती चालायचं हे ठरवून न देता फक्त नोंदी ठेवल्या, त्यामुळे सगळं श्रेय चालण्यालाच देता येत नाही. पण ‘वाया’ हा शब्द तर मुळीच बसत नाही.

हे लिहावंसं वाटलं ते शेजारच्या काकूंमुळे. परवा रात्री साडेदहाला, गुडघ्याला पट्टा बांधून, त्या सोफ्याभोवती फेऱ्या मारत होत्या. घड्याळात ८,९०० दिसत होते. काकू, तुमचं चालणं केव्हाच झालं होतं. झोपा आता. आणि मे महिन्यात आकड्यासाठी भर दुपारी तर बाहेर पडूच नका.