‘परदेशी जाणाऱ्यांचं कडवं सत्य’ या मेसेजला उत्तर, चौथ्या मुद्द्याला जरा जास्तच

गेल्या आठवड्यापासून आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडे पण आला असेल. वर ठळक अक्षरात ‘परदेशी जाणाऱ्यांचं कडवं सत्य, प्रत्येक आईबापाने वाचावं’, खाली सात मुद्दे, शेवटी हात जोडलेले. असले मेसेज मी उघडत पण नाही. पण हा माझ्या मावशीने पूर्ण वाचला. मावशी शिरपूरची, तिची मुलगी जर्मनीत नर्स आहे. मावशीने फोन करून विचारलं, "हाई खरं शे का व माय? चार नंबरनं वाच." ते वाक्य तिने स्वतःच्या तोंडाने वाचून दाखवलं नाही. मी वाचलं, आणि तेव्हापासून डोक्यात राग आहे, म्हणून हे लिहितेय.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी, मेसेज म्हणतो की एक, दरवर्षी २२ लाख लोक भारताचं नागरिकत्व सोडून पळतात. दोन, सगळे पैशाच्या हावेपोटी जातात, इथे कामाची काही कमी नाही. तीन, देशाच्या पैशावर शिकतात आणि दुसऱ्याची चाकरी करतात. चार, नर्सिंगच्या नावाखाली मुली तिकडे काय काम करतात ते विचारू नका, अब्रूदार घराने मुलगी पाठवू नये. पाच, यांचे आईबाप इकडे एकटे मरतात. सहा, तिकडे यांना कुत्रं विचारत नाही, सणवार संस्कृती सगळी बुडते. सात, एजंट लोक लुटतात. आणि खाली सल्ला, मुलांचा पासपोर्टच काढू नका.

आधी तो आकडा, कारण तो पटकन निकालात निघतो. नागरिकत्व सोडणाऱ्यांची वर्षावार यादी सरकारने स्वतः संसदेत दिलेली आहे, जुलै २०२३ मध्ये परराष्ट्र मंत्री जयशंकर यांनी लोकसभेत लेखी उत्तर दिलं त्यात. २०२२ चा आकडा आहे २ लाख २५ हजार ६२०, त्या यादीतलं ते सगळ्यात मोठं वर्ष. कोणीतरी एक शून्य वाढवलं आणि २२ लाख झाले. २०११ पासून जून २०२३ पर्यंतची सगळी बेरीज केली तरी ती साडेसतरा लाखाच्या आसपास जाते, म्हणजे बारा वर्षांवर काळाची बेरीज यांच्या एका वर्षाला पुरत नाही, आणि हे तपासायला फक्त मोबाईलच लागतो जो मेसेज पाठवताना हातातच होता. त्याच उत्तरात सरकारने असंही म्हटलंय की बऱ्याच जणांनी वैयक्तिक सोयीसाठी तिकडचं नागरिकत्व घेतलं, आणि बाहेर यशस्वी झालेले भारतीय हा देशाचा फायदा आहे. गद्दार, पळपुटे असला एक शब्द त्यात नाही. शिवाय आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाहीच, १९५५ च्या कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचं घेतलं की आपलं आपोआप जातं, त्यामुळे तिकडे वीस वर्षं काढलेल्या माणसाला मतदान करायचं असेल, काही नोकऱ्या करायच्या असतील तर हे सोडावंच लागतं. आणि बाहेर राहणारे दीड कोटीहून जास्त लोक आजही भारतीय पासपोर्टवरच आहेत, माझी मावसबहीण पण.

आता चार नंबर.

काय काम करतात ते विचारू नका म्हणे. का नाही विचारायचं? विचारा, मी सांगते. माझी मावसबहीण सकाळच्या ड्युटीला जाते, म्हाताऱ्या पेशंटला उठवते, अंग पुसते, आंघोळ घालते, डायपर बदलते, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कुशीवर वळवते, भरवते, औषधं देते, बीपी-शुगर बघून नोंद करते. आपल्याकडे यातलं अर्धं काम पेशंटचे नातेवाईक करतात, नाहीतर आया-मावशी, तिकडे तो नर्सच्याच कामाचा भाग आहे, आणि इथून गेलेल्या मुलींना पहिले काही महिने हेच जड जातं. चार वर्षं बीएस्सी नर्सिंग केलं आणि आता आंघोळ घालतेय, असं ती फोनवर रडून बोलली होती. ते रडणं मावशीने ऐकलंय. त्याच मावशीला तुम्ही मुलीच्या अब्रूबद्दल मेसेज पाठवता?

आणि तिथपर्यंत पोहोचायला काय लागतं ते पण ऐका. आधी जर्मन भाषा, ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा पायऱ्या, आणि वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं अशी चारही अंगांची परीक्षा. नर्सला पूर्ण परवानगीसाठी बहुतेक ठिकाणी बी-टू मागतात. ती पुण्यात पेइंग गेस्ट राहून क्लास करायची, दिवसा हॉस्पिटल, संध्याकाळी जर्मन. मग डिग्री, मार्कशीट, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, सगळ्याचं जर्मन भाषांतर करून तिकडच्या राज्याच्या ऑफिसला पाठवायचं, ते लोक आपला अभ्यासक्रम त्यांच्या अभ्यासक्रमाशी विषयवार ताडून बघतात आणि कमी काय पडतं ते लेखी कळवतात. त्याला तिकडे अनेर्केनुंग म्हणतात, म्हणजे तुमच्या शिक्षणाला मान्यता. ती मिळेपर्यंत मदतनीस म्हणून काम, पगार कमी, आणि मग एकतर वॉर्डात खऱ्या पेशंटसमोर प्रॅक्टिकल आणि तोंडी परीक्षा द्यायची किंवा काही महिन्यांचं जोड-ट्रेनिंग पूर्ण करायचं. त्यानंतर ती पूर्ण नर्स. कॉन्ट्रॅक्ट जर्मनमध्ये, विमा, पेन्शन, सुट्ट्या सगळं त्यात लिहिलेलं. ज्याने तो चौथा मुद्दा टाईप केला त्याने यातला एक कागद तरी बघितलाय का?

इथे काय होतं ते पण सांगते. इथे ती एका खासगी हॉस्पिटलात होती, हातात अकरा हजार, रात्रीची बारा तासांची ड्युटी, ओरिजनल सर्टिफिकेट हॉस्पिटलने ठेवून घेतलेली म्हणजे मध्येच सोडता येऊ नये. खासगी नर्सेसच्या पगारावर सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये केंद्र सरकारला समिती नेमायला सांगितलं होतं, त्या समितीने म्हटलं की अगदी छोट्या, ५० बेडपेक्षा कमी हॉस्पिटलातसुद्धा महिना २० हजारापेक्षा कमी देऊ नये. तालुक्याच्या गावात कोणाही नर्सला विचारा तिच्या हातात किती पडतात. रात्री दोनला ड्युटीवर असलेल्या मुलीबद्दल इथे पण लोक बोलायचेच, तेव्हा जर्मनी कुठे होती मध्ये?

अजून एक. मुली पाठवणं एवढं बेअब्रूचं असेल तर महाराष्ट्र सरकारलाच जाब विचारा, कारण जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी आपल्या सरकारने २०२४ मध्ये करार केला, नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर असे सुरुवातीला १० हजार लोक पाठवायचे म्हणून. त्याच वर्षी जर्मनीने भारतातल्या कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला २० हजारावरून ९० हजारावर नेले. तिकडे माणसं म्हातारी होतायत आणि काम करायला हात नाहीत, इकडे शिकलेल्या मुलीला अकरा हजार, यापेक्षा वेगळं कारण शोधायची गरज नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी न आलेल्या लेकीबद्दल गल्लीतल्या बाया विचारतात तेव्हा मावशी आतापर्यंत ताठ मानेने सांगायची, या मेसेजनंतर ती विषय बदलायला लागलीय. एका खोट्या ओळीने हे केलं, म्हणून मी हा मुद्दा सोडणार नाही.

दुसरा आणि तिसरा एकत्र घेते. हाव म्हणे. घर सोडून कामाला जाणं खान्देशाला नवीन आहे का? सुरतला उधना, लिंबायतमध्ये फिरून या, निम्म्या गल्ल्यांत अहिराणी ऐकू येते. धुळे, नंदुरबार, जळगावची माणसं पिढ्यान्पिढ्या लूमवर, डाईंग मिलमध्ये, साड्यांच्या कारखान्यात गेली, तिथे घरं केली. नवसारीचे खासदार सी. आर. पाटील, ते पण मूळ जळगाव जिल्ह्यातले. अक्कलकुवा, धडगावकडची कुटुंबंच्या कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, लहान पोरं काखेत घेऊन. त्यांना कोणी हावरट म्हणत नाही, म्हणूच नये. मग सुरतच्या गाडीत बसला तर कष्टाळू आणि विमानात बसला तर हावरट, हा हिशोब कुठला?

पैसा हे कारण आहेच, लपवायचं काय त्यात. पण एकटं नाही. कोणी रिसर्चसाठी जातं कारण त्याच्या विषयाची लॅब इकडे नाही. कोणी लग्न करून जातं. काही मुली इकडच्या लग्नाच्या घाईपासून लांब म्हणून जातात, हे मी स्वतः ओळखते अशा मुलींकडून ऐकलंय. काही जण आडनाव विचारल्याशिवाय भाड्याने खोली मिळावी म्हणून जातात. १९१३ मध्ये बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, ती देणारे सयाजीराव महाराज जन्माने आपल्या शेजारच्या मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे. ती पण हाव होती का? आज राज्य सरकार राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने अनुसूचित जातीच्या मुलामुलींना परदेशात शिकायला शिष्यवृत्ती देतं. सरकार स्वतः पैसे देऊन पाठवतं आणि तुम्ही म्हणता पासपोर्ट काढू नका.

देशाच्या पैशावर शिकतात हे आयआयटी, एम्सबद्दल थोडंफार म्हणता येईल, तिथे सरकारचा खर्च होतो, त्यावर बोला, मी पण बोलेन. पण आपल्या भागातून जाणारे किती आयआयटीवाले? बहुतेक खासगी कॉलेजात फी भरून शिकलेले, आणि पुढे एज्युकेशन लोन, साडेसात लाखाच्या वर गेलं की बँका साधारणपणे तारण मागतात, म्हणजे बापाचं घर नाहीतर शेत. डॉक्टरकीचं घ्या. २०२४ च्या नीटला जवळपास २४ लाख मुलांनी नावं नोंदवली होती, देशभरात एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या वर, त्यातल्या निम्म्याच्या आसपास खासगी, त्यांची फी शेतकऱ्याने भरायची कुठून? म्हणून मुलं युक्रेनला गेली होती. २०२२ मध्ये युद्ध पेटलं, सरकारने ऑपरेशन गंगा करून त्यांना परत आणलं, तेव्हा हेच लोक ग्रुपवर टाकत होते की गेले कशाला.

आणि पैसे परत येतात की. २०२२ मध्ये बाहेरच्या भारतीयांनी घरी १०० अब्ज डॉलरच्या वर पैसे पाठवले, जागतिक बँकेच्या हिशोबात एका वर्षात एवढे पैसे मिळालेला भारत पहिला देश. मावशीच्या घराचा स्लॅब पडला तो त्याच पैशातून.

पाचवा मुद्दा. इथे मला थांबावं लागतं, कारण यात थोडं खरं आहे. यावल, रावेरकडे केळीच्या पट्ट्यात फिरलात तर चांगले बांधलेले बंगले आणि आत दोन म्हातारी माणसं, नाहीतर गेटला कुलूप, हे दिसतं. मावशीला गेल्या वर्षी डेंग्यू झाला तेव्हा मुलगी येऊ शकली नाही, सलाईन लावून बसलेली मावशी मी बघितलीय. एकटेपणा आहे, खोटं कशाला बोलू. पण तेवढीच कुलपं पुण्या-मुंबईला गेलेल्यांच्या घरांना आहेत, आईबापांना सांभाळायचा २००७ चा कायदा करावा लागला तो काही फक्त परदेशातल्या मुलांमुळे नाही, गावात शेजारच्या खोलीत राहून आईला भाकरी न देणारे मुलगे आपण सगळ्यांनी बघितलेत. माझी मावसबहीण रोज व्हिडिओ कॉल करते, औषधं इथल्या मेडिकलवाल्याला पैसे पाठवून घरपोच करते. जर्मनीने आता नियम केलाय की १ मार्च २०२४ नंतर कुशल कामगार म्हणून परवाना मिळालेल्यांना काही अटींवर आईवडिलांना पण तिकडे नेता येईल. ही त्या तारखेच्या आधी गेली म्हणून तिला ते लागू नाही, याचं तिला किती वाईट वाटलं ते मला माहीत आहे. जिभाऊ, तुम्ही ग्रुपमधले मोठे, तुमचा मान आहे, पण मावशी हॉस्पिटलात होती तेव्हा तुमच्या घरातून डबा आला नव्हता.

सहावा, संस्कृती बुडते वगैरे, यावर वेळ घालवत नाही. वंशभेद आहे तिकडे, ट्राममध्ये बोलणी खाल्लीयत तिने, ते खरं. आपल्या खान्देशातल्या कानबाईच्या सणाचे रोट तिने तिकडच्या ओव्हनमध्ये केले आणि फोटो याच ग्रुपवर टाकला होता, तुम्ही सगळ्यांनी अंगठे दिले होते.

सातवा मुद्दा मात्र पूर्ण बरोबर आहे, एजंट लुटतात, आणि मेसेज लिहिणाऱ्याने खरं तर एवढाच एक मुद्दा नीट लिहायला पाहिजे होता. पण पासपोर्ट न काढणं हा त्यावर उपाय नाही. सरकारची ई-मायग्रेट नावाची वेबसाईट आहे, तिच्यावर रजिस्टर्ड एजंटांची यादी बघता येते, नाव नसेल तर एक रुपया देऊ नका. दहावी पास नसलेल्यांना आखाती देश धरून १८ देशांत नोकरीला जायला सरकारची क्लिअरन्स लागते, ती टाळून व्हिजिट व्हिसावर चल म्हणणारा एजंट हमखास फसवणारा. त्याच १८ देशांत नर्स म्हणून जायचं असेल तर २०१५ पासून भरती मुख्यतः सरकारी संस्थांमार्फतच होते, खासगी एजंट लाखो रुपये मागत असेल तर तिथूनच उठा. जर्मनीसाठी भाषेच्या परीक्षेशिवाय नर्सची नोकरी लावून देतो असं कोणी म्हणालं तर ते खोटं आहे. कॉन्ट्रॅक्टची कॉपी हातात आल्याशिवाय आणि कोणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय सही करू नका, आणि ओरिजनल सर्टिफिकेट कोणाकडेच ठेवायला देऊ नका, तिकडच्या एजंटकडे नाही आणि इथल्या हॉस्पिटलकडे पण नाही.