उशीर होतोय, चल लवकर

मागच्या महिन्यातली गोष्ट आहे, तेव्हापासून डोक्यात घोळतेय म्हणून शेवटी लिहूनच टाकतोय. पोस्ट मोठी आहे. वेळ नसेल तर सोडून द्या, तसंही पोस्ट वेळ नसण्याबद्दलच आहे.

लेक सात वर्षांची आहे. सकाळी शाळेत सोडायला मी जातो. त्या दिवशी गेटजवळ एक अगदी छोटा पोरगा, पहिलीतला नाहीतर बालवाडीतला असेल, दप्तरासकट पालथा पडला. बाटली एकीकडे, डबा एकीकडे, आणि तो रडू की नको अशा चेहऱ्याने बसलेला. माझी लेक त्याच्या अगदी मागे होती. ती थांबली, त्याच्याकडे बघितलं, आणि त्याला वळसा घालून आत निघून गेली. बाटलीवर पाय पडू नये म्हणून उडी मारली तेवढीच. मी लांबून बघत होतो. दुसऱ्या कुणीतरी त्याला उठवलं.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. आपण इतकं शिकवतो, गोष्टी सांगतो, आणि ही अशी? संध्याकाळी विचारलं, का गं नाही थांबलीस? तिला प्रश्नच कळला नाही आधी. मग म्हणाली, "अरे बाबा, उशीर झाला होता ना. तूच म्हणतोस ना, मध्ये कुठे थांबायचं नाही."

गप्प झालो. कारण म्हणतोच मी. रोज म्हणतो. जिन्यावर शेजारचे आजोबा एकेक पायरी चढत असतात, ती त्यांच्याशी बोलायला थांबते, मी खालून ओरडतो, चल लवकर. रस्त्यात कुणाचं काही पडलं, ती उचलायला वाकते, मी हात ओढतो, राहू दे गं, ते उचलतील. हे काही मी वाईटपणाने करत नाही हो, शाळेची वेळ असते, माझी पुढची वेळ असते. पण तिच्या बाजूने बघितलं तर सात वर्षं मी तिला एकच धडा अगदी नेमाने, एकही सुट्टी न घेता शिकवलाय, तो म्हणजे वाटेत माणूस दिसला तर वळसा घाल. आणि रात्री झोपताना दहा मिनिटं दयाळू राजाची गोष्ट. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

यावर एक जुना प्रयोग आहे. 1973 साली डार्ली आणि बॅट्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टनमध्ये धर्मगुरू व्हायचं शिक्षण घेणाऱ्या 40 विद्यार्थ्यांवर केलेला. त्यांना सांगितलं, शेजारच्या इमारतीत जाऊन एक छोटं भाषण द्यायचंय. काहींचा विषय होता बायबलमधली ती गोष्ट, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाची. आणि वाटेत मुद्दाम एक माणूस बसवलेला, वाकलेला, खोकणारा, कण्हणारा. आता खरी गंमत. काहींना सांगितलं होतं भरपूर वेळ आहे, काहींना सांगितलं तुम्हाला ऑलरेडी उशीर झालाय, पळा. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले 63 टक्के थांबले. ज्यांना पळायला सांगितलं त्यांच्यातले फक्त 10 टक्के. आणि भाषणाचा विषय मदतीचा आहे की दुसराच काही, याने म्हणावा असा फरकच पडला नाही. म्हणजे डोक्यात तीच गोष्ट घोळवत चाललेली माणसं कण्हणाऱ्या माणसाला ओलांडून गेली! 40 च माणसं होती, छोटा प्रयोग आहे, त्यावरून जगाचा नियम काढू नये हे मलाही कळतं. पण मी वाचलं तेव्हा मला दिसली ती बाटलीवरून उडी मारणारी माझी लेकच.

बरं, मुलांना हे शिकवावं लागतं हेच मुळात कितपत खरं आहे? 2006 चा वॉर्नेकेन आणि टोमासेलो यांचा प्रयोग बघा. दीड वर्षाची 24 पोरं. समोर एक अनोळखी माणूस, त्याच्या हातून कपड्याचा चिमटा पडतो आणि हात पोचत नाही, किंवा दोन्ही हात भरलेले आहेत आणि कपाटाचं दार उघडता येत नाही. 24 पैकी 22 पोरांनी निदान एकदा तरी जाऊन मदत केली. कुणी सांगितलं नव्हतं, शाबासकी नव्हती, खाऊ नव्हता. धड बोलताही येत नाही त्या वयात! आमच्याकडेही होतंच की हे, घडी घातलेले कपडे एकेक उचलून मला आणून द्यायची ही, घडी मोडून अर्थात, आणि मी म्हणायचो बाजूला हो, मला करू दे, पटकन होईल. पुन्हा तेच, पटकन.

त्याच दोघांनी 2008 मध्ये बक्षीस देऊन बघितलं. मदत केल्यावर ज्यांना खेळणं मिळत गेलं ती पोरं पुढे बक्षीस बंद झाल्यावर कमी मदत करायला लागली, ज्यांना काहीच मिळालं नव्हतं त्यांच्यापेक्षा कमी. आमच्या फ्रिजवर मध्यंतरी स्टारचा चार्ट होता, चांगलं वागलं की एक स्टार. बायको म्हणत होती काढ ते, ती मोजत बसलीये. काढला.

आणि उपदेश? 2013 मध्ये स्मिथ, ब्लेक आणि हॅरिस यांनी 3 ते 8 वयाच्या मुलांना स्टिकर दिले. सगळ्या वयाची पोरं म्हणाली की दुसऱ्याला अर्धे द्यायला पाहिजेत. लहानांनी मात्र तेवढे दिले नाहीत. म्हणजे काय करायला पाहिजे हे तीन वर्षांच्या पोरालाही पाठ असतं, आपण तेच परत परत सांगतो.

मला आणखी एक खटकतं. काइंडनेसला आपण पटकन दया म्हणतो. पण दया म्हटलं की एक जण वर आणि एक जण खाली. ती पडलेल्या पोराकडे "बिच्चारा" म्हणून बघायला शिकली तर मला ते नकोच आहे. माणुसकी हा शब्द मला जास्त जवळचा वाटतो, त्यात समोरचा आपल्याच उंचीचा राहतो. आणि हो, माणुसकी म्हणजे कुणी रोज तुझी पेन्सिल घेऊन परत देत नाही तरी गोड हसत राहायचं, असं नाही. तिथे "माझी आहे, दे" म्हणायचं, हेही सांगितलंय. सगळ्यांशी छान वाग छान वाग करून पोरींना मुकाट सहन करायला शिकवतात लोक, त्याचा मला मनापासून वैताग आहे, पण तो विषय परत कधीतरी.

जबरदस्तीचं सॉरी पण बंद केलंय. कोपऱ्यात उभं करून वदवून घेतलेलं सॉरी हे सुटकेचं तिकीट असतं, पोरांना बरोबर कळतं ते. त्याऐवजी विचारतो, आता त्याच्यासाठी काय करूया? कधी उत्तर येतं, कधी खांदे उडवते.

घाईचं काय करायचं हे मात्र अवघड आहे, कारण ती माझी सवय आहे, तिची नाही. एकच ठरवलं, घरातून दहा मिनिटं आधी निघायचं. ती दहा मिनिटं वाटेत कुणासाठी थांबावं लागलं तर. महिना झाला. खरं सांगतो, काही चमत्कार झालेला नाही. बहुतेक दिवस ती मुंग्यांची रांग बघण्यात जातात. दोनदा बुटाच्या लेसमध्ये गेली. आणि आज सकाळी तर एक मोजा सापडत नव्हता, त्यातच संपली दहाच्या दहा, आणि आम्ही जुन्यासारखेच धावत सुटलो.

जिन्यात आजोबा. हातात दोन जड पिशव्या, मधल्या पायरीवर टेकलेले. ती थांबली. पण त्यांच्याकडे नाही बघितलं तिने, वळून माझ्याकडे बघितलं. तोंडातून शब्द येतच होता माझ्या, अर्धा आलाही होता, "च…"

मग एक पिशवी मी घेतली, दुसरीचा एक बंद आजोबांच्या हातात आणि एक तिच्या. दोन मजले, त्यांच्या वेगाने. मध्ये त्यांनी तिला विचारलं कितवीत आहेस, तिने सांगितलं, मग त्यांनी परत विचारलं, तिने परत सांगितलं.

शाळेत चार मिनिटं उशिरा पोचलो.