फ्रीझरमधलं वाटण शिळं नसतं

‘पोरांना शिळं घालतेस?’ हे मी गेली आठ वर्षं ऐकतेय, कारण आठवड्याचं बरंचसं मी रविवारीच रांधून फ्रीझरमध्ये ठेवते. नातेवाइकांकडून, शेजारणींकडून, एकदा तर ऑफिसात डबा खाताना. मनाला लागतं. रविवारी चार तास मी जेवढा जीव ओतून रांधते, तेवढा मंगळवारी रात्री आठला दमून आल्यावर माझ्यात उरलेलाच नसतो.

सकाळची भाजी संध्याकाळपर्यंत ओट्यावर राहिली की ती शिळी. पसरट ताटात गार करून दोन तासांच्या आत उणे 18 अंशांत गेलेली आमटी शिळी नव्हे. त्या थंडीत जंतू वाढत नाहीत. मरतही नाहीत, म्हणून एकदा बाहेर काढलेलं परत आत ठेवायचं नाही आणि वाढण्याआधी खदखदून उकळी आणायचीच.

मी सगळंच गोठवत नाही. बटाटा पाणचट होतो, भाकरी तर तव्यावरचीच हवी. माझी खरी भिस्त वाटणावर. किलोभर कांदे उभे चिरून लालसर परतायचे, सुकं खोबरं वेगळं भाजायचं (कांद्यासोबत टाकलं तर नीट खमंग होत नाही), आलं-लसूण, पाणी अगदी बेताचं. पिशवीत भरून लाटण्याने चपटं करायचं आणि सुरीच्या पाठीने चौकोन आखायचे. गोठल्यावर वडीसारखा एकेक तुकडा मोडता येतो. आम्हा पाचजणांच्या मटकीला दोन तुकडे पुरतात. मोड आलेली मटकीही फ्रीझरमध्येच असते. पोळ्या होईपर्यंत उसळ तयार.

गेल्या वर्षी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बारा दिवस दवाखाना आणि घर, पण बाहेरचा डबा एकदाही लावला नाही. नवरा रात्री येऊन आमटी गरम करायचा, कुकरला भात लावायचा, झालं. सासूबाई आधी माझ्या फ्रीझरवर नाराज असायच्या. मे महिन्यात गच्चीवर सांडगे-कुरडया घालून त्यांनीही वर्षाची बेगमी केलीच होती की! आता पिशव्यांवर नाव-तारीख त्याच घालतात.

आणि बायांनो, हा रविवार एकटीने अंगावर घेऊ नका. मग सात दिवसांचे कष्ट एका दिवसात कोंबल्यासारखं होतं. आमच्याकडे कांदे नवरा सोलतो, मटार मुलं सोलतात. मटार दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग कापडावर कोरडा करून आत. उकळत्या पाण्याचा टप्पा टाळलात तर रंग आणि गोडी दोन्ही जातात.

आज तुरीच्या शेंगा आणल्यात दोन किलो. सगळे सोलायला बसलेत, मीही जाते.