सात पॉइंट आणि एक नारळ

मालवणजवळच्या देवबागला यापुढे मला कुणी ‘बोटीने सात पॉइंट’ म्हणालं, तर मी त्याच्या अंगावर धावून जाईन.

पॉइंट! एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र, मधे चिंचोळी माडांची पट्टी. देवाने फुकट दिलेली जागा, तिचे तुकडे पाडून माणशी चारशेला विकताय. बरं, विका. पावसात धंदा बंद असतो, पोट आहे, मान्य. पण थांबा तरी जरा!

आधी पाऊण तास उन्हात. ‘दहा झाले की सुटतंच.’ दहाचे चौदा झाले. माझ्या लाइफ जॅकेटचा चाप तुटलेला, तिथे सुतळीची गाठ, आणि आत आदल्या गिऱ्हाइकाचा घाम अजून ओला. विचारलं तर, ‘काय होवचा नाय, धरून बसा.’ काय धरून? जीव?

डॉल्फिन पॉइंटला नऊ बोटी, मोजल्या मी. लांब एक राखाडी पाठ दिसली न दिसली की नऊच्या नऊ इंजिनं तिच्यावर तुटून पडली. अरे, मासा नाही तो, श्वास घ्यायला वर येतो! तुमच्या नाकाशी कुणी नऊ रिक्षा आणल्या तर तुम्ही पुन्हा तोंड दाखवाल? वर स्पीकरवर ठणाणा. शेवटी, ‘आज दिसाक नाय, नशीब.’ म्हणजे दोष आमच्या नशिबाचा.

त्सुनामी आयलंड भरतीत बुडालेलं. 2004 च्या त्सुनामीनंतर वर आलं म्हणतात, आमच्या वाट्याला गुडघाभर पाणी आणि त्यात उभा राहून भजी खाणारा एक काका. भरती-ओहोटी काय अचानक येते? किनाऱ्यावरच्या पोरालाही ती तोंडपाठ असते. पैसे घेताना तेवढं सांगायला जीभ झडली होती?

हेही गिळलं असतं. पण संगम! आई अडुसष्ट वर्षांची. नदी सागराला मिळते तिथे नारळ सोडायचा म्हणून तिने तो घरून आणला होता, हळद-कुंकू लावून, रुमालात बांधून. गाठ सोडायला ती उठली आणि पठ्ठ्याने इंजिन रेटलं. ‘ह्योच संगम, बघा. काकी, खाली बसा, पुढची ट्रीप उभी आसा.’

बघून झाला संगम.

नारळ परत आला. काल त्याची सोलकढी केली, आईने तोंडाला लावली नाही.